वेतनखर्चाचे नियमपालन : अमेरिकेतील फेडरल अनुदानित ना-नफा आरोग्यसेवा

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या ना-नफा आरोग्य संस्थांनी कर्मचाऱ्यांचे पगार आणि त्यांवरचे लाभ कोणत्या अनुदानात, किती आणि कशाच्या आधारावर खर्ची टाकायचे, याविषयीची शिस्त. तिचे नियम शेकडो पाने भरतात, पण सगळे एका प्रश्नापाशी येऊन मिळतात : ज्या तासाचा पगार सरकारकडे मागितला, तो तास खरोखर त्या कामात गेला का?

आरोग्यसेवा माणसांच्या हातांनी चालते. डॉक्टर, नर्स, दंतवैद्य, समुपदेशक, दुभाषे, नोंदणीच्या खिडकीवरचे कर्मचारी यांचे पगार हा अशा संस्थेच्या अंदाजपत्रकातला सर्वांत मोठा आकडा असतो. त्यामुळे लेखापरीक्षक आला की आधी पगारपत्रक मागतो. शिवाय एकच नर्स सकाळी एका अनुदानाचे आणि दुपारी दुसऱ्याचे काम करते. औषधाची बाटली कोणत्या कपाटात ठेवली ते दिसते, पण नर्सची दुपार कुठे गेली ते तिने लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही.

पार्श्वभूमी : सामुदायिक आरोग्य केंद्रांची सुरुवात १९६५ मध्ये झाली. गरिबीविरोधी मोहिमेसाठी स्थापन झालेल्या ‘ऑफिस ऑफ इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी’च्या पैशांतून डॉ. जॅक गायगर आणि डॉ. काउंट गिब्सन यांनी बॉस्टनमधील कोलंबिया पॉइंट आणि मिसिसिपीतील माउंड बायू येथे पहिली केंद्रे उभी केली. माउंड बायूत कुपोषित मुलांसाठी गायगर औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देत आणि त्याचे पैसे औषधांच्या खात्यातून चुकते होत. वरून आक्षेप आला तेव्हा, कुपोषणावरचा उपचार अन्न हाच आहे, असे उत्तर त्यांनी दिले. कोणता खर्च कोणत्या अनुदानात बसतो, हा वाद म्हणजे या केंद्रांइतकाच जुना आहे. पुढे ही केंद्रे ‘पब्लिक हेल्थ सर्व्हिस ॲक्ट’च्या कलम ३३० खाली आली. आज त्यांची संख्या १,४०० च्या आसपास असून ‘हेल्थ रिसोर्सेस अँड सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन’ हे कार्यालय त्यांना अनुदान देते. एचआयव्हीबाधितांसाठीचा १९९० चा रायन व्हाइट कार्यक्रम, कुटुंबनियोजन आणि व्यसनमुक्ती यांची अनुदाने बऱ्याचदा याच संस्थांकडे येतात. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्यातून येणारे उत्पन्न वेगळेच. एका छताखाली अशा पाच-सहा थैल्या असतात आणि प्रत्येकीच्या अटी निराळ्या.

ना-नफा संस्थांच्या खर्चाची तत्त्वे १९८० मध्ये ‘सर्क्युलर ए-१२२’ या परिपत्रकात आली. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याने निदान महिन्यातून एकदा, काम झाल्यानंतर, आपल्या कामाच्या वाटणीचा अहवाल भरायचा आणि त्यावर त्याची किंवा वरिष्ठाची सही घ्यायची, असा दंडक होता. डिसेंबर २०१३ मध्ये ही आणि इतर परिपत्रके एकत्र करून ‘युनिफॉर्म गायडन्स’ ही संहिता आली आणि डिसेंबर २०१४ पासून लागू झाली. फेडरल नियमसंहितेच्या शीर्षक २ मधला भाग २०० तो हाच. पगारासाठी त्यातले कलम ४३० आणि लाभांसाठी ४३१ पाहावे लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुधारित आवृत्ती अमलात आली. आरोग्य खात्याने स्वतःची वेगळी प्रत बाजूला ठेवून १ ऑक्टोबर २०२५ पासून हीच संहिता पूर्णपणे स्वीकारली.

टाइमशीट : नव्या संहितेने महिन्याच्या सहीचा ठराविक नमुना काढून टाकला. अनेक संस्थांनी याचा अर्थ ‘टाइमशीट गेली’ असा घेतला. हा गैरसमज महागात पडतो. नोंदीचा नमुना कोणता ते संस्थेवर सोपवले, पण ती नोंद प्रत्यक्ष केलेल्या कामाचे खरे प्रतिबिंब असली पाहिजे, ती खरी असल्याची खात्री देणारे अंतर्गत नियंत्रण संस्थेकडे असले पाहिजे आणि तीत कर्मचाऱ्याचे सगळे काम, अनुदानाबाहेरचेसुद्धा, आले पाहिजे, हे कायम राहिले. अंदाजपत्रकातली टक्केवारी हा पुरावा होत नाही. ती तात्पुरती वापरता येते, मात्र नंतर प्रत्यक्ष तासांशी ताडून फरक दुरुस्त करावा लागतो.

उदाहरणादाखल एका नर्सचा पंधरवडा पाहू. तिचा पगार तासाला ४० डॉलर, पंधरवडा ८० तासांचा. अंदाजपत्रकात तिचे ६० टक्के काम एचआयव्ही अनुदानात दाखवले आहे, म्हणजे ४८ तास आणि १,९२० डॉलर. फ्लूची साथ आली आणि ती बहुतेक वेळ सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात राहिली. टाइमशीटवर एचआयव्हीचे ३० तास, बाह्यरुग्णाचे ४२ आणि रजेचे ८ तास आहेत. रजा कोणत्याही एका अनुदानाची नसते. संस्थेच्या लेखी धोरणात रजा कामाच्या प्रमाणात वाटायची असे असेल, तर ७२ पैकी ३० या हिशेबाने रजेचे सुमारे ३ तास २० मिनिटे एचआयव्हीकडे जातात. एकूण ३३ तास २० मिनिटे, म्हणजे १,३३३ डॉलर ३३ सेंट. जुनी टक्केवारीच पुढे ओढली, तर एका पंधरवड्यात ५८६ डॉलर ६७ सेंट जास्त मागितले जातात. वर्षात असे २६ पंधरवडे. हेच वर्षभर चालले, तर रक्कम १५ हजार डॉलरांच्या पुढे जाते आणि अशा दोन नर्स असतील तर ३० हजारांच्या पुढे.

इथे चोरी कोणीच केलेली नाही. नर्सने रुग्ण पाहिले आणि लेखापालाने मागच्या महिन्याची नोंद या महिन्यात उतरवली. पगारावरच्या आक्षेपांच्या मुळाशी बऱ्याचदा हीच नकल असते. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांच्या टाइमशीट एकाच पेनाने, एकाच आकड्याने भरलेल्या दिसल्या की अनुभवी लेखापरीक्षकाला पुढचे कागद उघडायची गरज उरत नाही. दोष नर्सवर ढकलणे सोपे असते. पण दिवसाला वीस-पंचवीस रुग्ण पाहणाऱ्या बाईला अनुदानांच्या संकेतांकांची लांबलचक यादी देऊन ‘तासातासाचे लिही’ म्हणणारी व्यवस्थाच सदोष आहे. जिथे संकेतांक मोजके असतात आणि नोंद रोजच्या रोज होते, तिथे कागद खरे निघतात.

पगाराची कमाल मर्यादा : आरोग्य खात्याच्या अनुदानातून एका व्यक्तीला किती दराने पगार देता येईल, यावर संसदेच्या वार्षिक खर्च-विधेयकातून मर्यादा येते. ती सरकारी अधिकाऱ्यांच्या ‘एक्झिक्युटिव्ह लेव्हल २’ या श्रेणीला जोडलेली आहे. २०२४ मध्ये ती २,२१,९०० डॉलर होती, २०२५ मध्ये २,२५,७०० झाली. संस्था डॉक्टरला याहून जास्त पगार देऊ शकते, फक्त वरचा भाग फेडरल पैशांतून देता येत नाही. वार्षिक २,७०,००० डॉलर पगाराचा डॉक्टर निम्मा वेळ अनुदानाचे काम करत असेल, तर २०२५ च्या मर्यादेप्रमाणे सरकारकडे १,३५,००० नव्हे, तर २,२५,७०० च्या निम्मे, १,१२,८५० डॉलर मागता येत. उरलेले २२,१५० डॉलर इतर उत्पन्नातून भरायचे. हमखास चूक होते ती अर्धवेळ डॉक्टरांबाबत : त्यांना प्रत्यक्ष मिळणारी रक्कम मर्यादेच्या आत दिसते म्हणून कोणी तपासत नाही, पण मर्यादा पूर्णवेळ दराला लागू असते.

संस्थाप्रमुखाच्या पगाराला आणखी एक चौकट आहे. करमुक्त संस्थेने वरिष्ठांना वाजवीपेक्षा जास्त मोबदला दिला, तर १९९६ च्या कायद्याने त्या जास्तीच्या रकमेवर २५ टक्के कर लागतो आणि मुदतीत ती परत केली नाही तर २०० टक्के. हा कर घेणाऱ्याने भरायचा असतो. कलम ३३० च्या केंद्रांत संचालक मंडळाचे बहुसंख्य सदस्य केंद्राचे रुग्णच असावे लागतात. म्हणजे आपल्या डॉक्टरच्या वरिष्ठाचा पगार ठरवण्यात रुग्णांचा हात असतो. मला या सबंध व्यवस्थेतली ही सर्वांत सुंदर तरतूद वाटते.

लाभ आणि कर : आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, रजा, कामावरील अपघाताचा विमा आणि मालकाच्या वाट्याचे कर हे सारे लाभांत मोडतात. सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतनाचे ६.२ आणि मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याचे १.४५ मिळून ७.६५ टक्के मालकाला भरावे लागतात. धर्मादाय संस्थांना फेडरल बेकारी करातून सूट आहे. असा कर अंदाजपत्रकात धरलेला सापडतो, कारण तक्ता एखाद्या खासगी कंपनीच्या नमुन्यावरून उचललेला असतो. लाभ पगाराच्या पाठोपाठ जातात : पगाराचा ४० टक्के भाग एका अनुदानात, तर लाभांचाही तेवढाच. संस्था सरासरी दर वापरत असेल तर तो वर्षाअखेरीस प्रत्यक्ष खर्चाशी जुळवावा लागतो. २८ टक्के धरले आणि प्रत्यक्षात २४ टक्केच लागले, तर वरचे चार टक्के संस्थेचे नव्हेत. बोनसही ग्राह्य धरतात, पण काम होण्याआधीचा करार किंवा रुळलेले लेखी धोरण असेल तरच. वर्ष संपताना अनुदान उरले म्हणून वाटलेला बोनस टिकत नाही.

सर्वांत घातक चूक कराच्या भरण्याची. अनुदानाचा हप्ता लांबला की काही संस्था आधी पगार करतात आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर ‘पुढच्या आठवड्यात भरू’ म्हणून वापरतात. कापलेला कर ही सरकारची ठेव मानली जाते. ती बुडाली तर जबाबदार व्यक्तीकडून, म्हणजे कार्यकारी संचालक किंवा धनादेशावर सही करणाऱ्याकडून, पूर्ण १०० टक्के रक्कम दंड म्हणून वैयक्तिकरीत्या वसूल होऊ शकते. त्यावरचे दंड आणि विलंबशुल्क अनुदानात टाकता येत नाही. चांगल्या हेतूने चाललेल्या छोट्या संस्था इथेच बुडतात.

जादा वेळेचा प्रश्न ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट’ या १९३८ च्या कायद्यातून येतो. आठवड्याला ४० तासांपुढच्या कामाला दीडपट दर द्यावा लागतो. तासावर काम करणाऱ्या आरोग्यसेविकेला शनिवारच्या तपासणी शिबिरात ‘स्वयंसेवक’ म्हणून तेच काम करायला लावता येत नाही. सेवाभाव खरा असला तरी ते तास पगाराचेच.

महामारीचा काळ : मार्च २०२० मध्ये केंद्रे ओस पडली, तेव्हा अर्थसंकल्प कार्यालयाने तात्पुरती सवलत देऊन घरी बसलेल्या कर्मचाऱ्यांचेही पगार अनुदानात टाकू दिले. अट एकच : अनपेक्षित संकटात पगार चालू ठेवण्याचे संस्थेचे धोरण सर्वच निधींना सारखे लागू असावे. त्याच वेळी पगारासाठी ‘पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम’ची माफ होणारी कर्जे आली. ज्या पगारासाठी कर्ज माफ करून घेतले, तोच पगार अनुदानातही दाखवणे म्हणजे एका तासाचे दोनदा पैसे घेणे. त्या वर्षाचे ताळेबंद सोडवताना लेखापालांचा घाम निघाला.

तपासणी : वर्षात ठरावीक रकमेइतका किंवा त्याहून जास्त फेडरल निधी खर्च करणाऱ्या संस्थेला ‘सिंगल ऑडिट’, म्हणजे सगळ्या फेडरल निधीचे एकत्रित लेखापरीक्षण, करून घ्यावे लागते. ही मर्यादा ७,५०,००० डॉलर होती. १ ऑक्टोबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती १० लाख डॉलर झाली. या तपासणीसाठी निवडलेल्या मुख्य कार्यक्रमात एखाद्या अटीखालचा आक्षेपित खर्च २५,००० डॉलरांपुढे गेला की अहवालात त्याची नोंद येते. वरच्या उदाहरणातल्या दोन नर्स तिथवर पोचतात. अनुदान देणारे कार्यालय मग रक्कम नामंजूर करून परत मागू शकते. जाणूनबुजून खोटे दाखवले असेल, तर यादवी युद्धाच्या काळातला, १८६३ चा ‘फॉल्स क्लेम्स ॲक्ट’ लागतो आणि नुकसानीच्या तिप्पट रक्कम भरावी लागते. रायन व्हाइट कार्यक्रमात प्रशासकीय खर्चालाच मर्यादा आहे. त्यामुळे समन्वयकाचा तास रुग्णासोबत गेला की कागदांसोबत, यालाही किंमत येते.

भारतीयांचा संबंध : जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले पदव्युत्तर प्रशिक्षण, करणाऱ्या परदेशी डॉक्टरला त्यानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ काम केल्यास त्यातून सूट मिळते. महाराष्ट्रातून गेलेल्या अनेक डॉक्टरांनी हा मार्ग धरला आहे आणि सामुदायिक केंद्रे अशा नोकऱ्या देतात. तेव्हा त्यांचा पगार एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नियमांनी बांधलेला असतो. अनुदान थांबले म्हणून डॉक्टरला कामावर ठेवून पगार थांबवता येत नाही. तो तास मग कुठल्या खात्यात टाकायचा, हा संस्थेचा प्रश्न. अमेरिकी निधी घेऊन महाराष्ट्रात एचआयव्हीचे काम करणाऱ्या भारतीय संस्थांपर्यंतही हीच खर्चतत्त्वे पोचली. मुंबईतल्या समुपदेशकाच्या टाइमशीटमागे वॉशिंग्टनचे कलम उभे असे.

अनुदान संपल्यावर संस्थेने १२० दिवसांत अंतिम आर्थिक अहवाल द्यायचा असतो. टाइमशीट, पगारपत्रके आणि दुरुस्तीच्या नोंदी त्या अहवालानंतर तीन वर्षे जपायच्या असतात, आणि तोवर तपासणी किंवा दावा सुरू झाला असेल तर तो निकाली निघेपर्यंत.