वार्धक्यशास्त्र : शिक्षण आणि व्यवसाय

वय वाढते तसे माणसाच्या शरीरात, मनात, घरातल्या आणि समाजातल्या स्थानात काय बदलते, याचा अभ्यास म्हणजे वार्धक्यशास्त्र. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी १९०३ मध्ये या विषयाला नाव दिले. जराचिकित्सा ही त्याची वैद्यकीय बाजू.

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९७५ मध्ये या विषयाचे स्वतंत्र विद्यालय काढले. तिथे जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि सामाजिक धोरण एकत्र शिकता येते. भारतात सुरुवात रुग्णालयातून झाली. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये जराचिकित्सा विभाग उभा राहिला आणि १९९६ मध्ये एम.डी.चा अभ्यासक्रम आला. डॉक्टर नसलेल्यांना मात्र बहुधा समाजकार्य, मानसशास्त्र, परिचर्या किंवा भौतिकोपचारातूनच इकडे वळावे लागते. संशोधनाची ओढ असणाऱ्यांसाठी मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. २०१७-१८ मध्ये तिच्या नेतृत्वाखाली पंचेचाळीस वर्षांपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली.

प्रत्यक्ष काम कसे असते? आजींना खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगतात. बारा किंवा अधिक सेकंद लागले, तर पडण्याचा धोका धरायचा. पण आकडा लिहून काम संपत नाही. वळताना त्या भिंत धरतात का, चष्मा बरोबर आहे का, झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, रात्री तिथपर्यंत उजेड असतो का, हे सगळे पाहावे लागते. एकट्या डॉक्टरला ते जमत नाही, म्हणूनच या क्षेत्रात निरनिराळ्या शिक्षणाची माणसे लागतात.

रुग्णालये, स्मृतिभ्रंश केंद्रे, वृद्धाश्रम, ज्येष्ठांच्या वसाहती, घरपोच सेवा आणि स्वयंसेवी संस्था इथे कामे मिळतात. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने निर्वाह न्यायाधिकरणे, म्हणजे म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येईल अशी न्यायमंडळे आली, तेव्हापासून अर्ज लिहून देणारा, मुलांशी बोलणी करणारा समाजकार्यकर्ताही हवा असतो.

या साखळीत सर्वांत जास्त वेळ ज्येष्ठांजवळ असते ती घरी येणारी आया किंवा मावशी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, भरवताना त्याला बसते करायचे, हे कसब शिकवावे लागते. तरीही या कामाला पगार कमी, प्रशिक्षण त्रोटक आणि मान त्याहून कमी मिळतो, आणि हा अन्याय आहे. पदविका-पदव्यांची संख्या वाढवण्याआधी या बायकांना रीतसर शिक्षण, प्रमाणपत्र आणि ठरलेला पगार मिळायला हवा.