खपली की बन्सी? दिसायला जवळचे, पण शेतात आणि घरात वेगळे

मार्च-एप्रिलमध्ये पुण्यातल्या मार्केट यार्डच्या भुसार बाजारात वर्षाचा गहू भरायला आलेली मंडळी हल्ली हमखास विचारतात, "खपली आहे का?" आणि पुष्कळदा समोर येतो तो बन्सी. दोन्ही दाणे लांबट, दोन्ही लोकवनपेक्षा वेगळे दिसणारे. दरवेळी फसवणूकच असते असं नाही, विकणाऱ्यालाही अनेकदा फरक ठाऊक नसतो. पण खपलीचा भाव बन्सीपेक्षा बराच चढा असतो, म्हणून गिऱ्हाइकाने आणि त्याहून जास्त शेतकऱ्याने हा फरक ओळखायलाच हवा.

गोंधळाला कारण आहे. हे दोघे खरोखरच जवळचे नातलग आहेत. पोळीच्या नेहमीच्या गव्हात 42 गुणसूत्रं असतात. बन्सी आणि खपली या दोघांतही 28. शास्त्रज्ञ बन्सीला ड्युरम म्हणतात, खपलीला डायकोकम, आणि ड्युरमचा उगम डायकोकमच्या कुळातच झालेला आहे.

खरा फरक मळणीत कळतो. बन्सीची ओंबी मळली की दाणा मोकळा होतो, पोतं भरा आणि बाजारात न्या. खपलीचं तसं नाही. मळणीत ओंबी तुटते, पण दाणे कवचातच राहतात, साधारण दोन-दोन एकत्र. ते कवच पूर्वी उखळात कांडून काढत, आता त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. त्यात वजनाचा चांगला मोठा हिस्सा तूस म्हणून जातो आणि काही दाणे तुटतात. खपली महाग असण्यामागे हे एक मोठं कारण आहे. उलट याच कवचामुळे न कांडलेली खपली साठवणीत कीडीपासून बरीच सुरक्षित राहते, आणि पेरतातही ती कवचासकट.

कवच काढलेला दाणा ओळखायचा तर तो तळहातावर घ्या. खपलीचा दाणा सडपातळ, तांबूस, दोन्ही टोकांना निमुळता. बन्सीचा भरीव, पिवळसर, उजेडात धरला तर काचेसारखा. शंका राहिलीच तर विक्रेत्याकडे मूठभर कवचासकट माल मागा. ज्याच्याकडे खपली थेट शेतातून येते, त्याला तो दाखवणं अवघड नाही.

आता शेत. शिरूर, पुरंदरसारख्या भागात भारी जमिनीत ओल धरून गहू करायचा असेल, तर माझं मत सरळ बन्सीच्या बाजूने आहे. जिरायत पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात उरकावी. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा पंचवटी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 4028 हे अशा परिस्थितीसाठीच काढलेले बन्सी वाण. एमएसीएस 4028 साधारण 102 दिवसांत तयार होतो आणि त्यात प्रथिनं सुमारे 14.7 टक्के आहेत. पुरेसं पाणी असेल तर निफाडचाच गोदावरी घ्या, पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. 15 नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटतं, असं महात्मा फुले कृषी विद्यापीठ सांगतं. एकच पाणी देता येणार असेल तर ते पेरणीनंतर चाळीस-बेचाळीस दिवसांनी द्या. दोन असतील तर पहिलं वीस-बावीस आणि दुसरं साठ-पासष्ट दिवसांनी. बन्सीत नत्राची कसर मात्र करू नका. नत्र कमी पडलं की दाण्यावर पिठूळ, पांढुरके डाग येतात. असा दाणा रव्याला चालत नाही आणि भाव पडतो.

खपलीला बागायत लागते. कृष्णाकाठच्या सांगली, सातारा, कोल्हापूर भागात ती पिढ्यान् पिढ्या होत आली. जुने वाण उंच, खत-पाणी जास्त झालं की लोळायचे. आघारकरचा एमएसीएस 2971 किंवा धारवाडचा डीडीके 1009 हे बुटके वाण त्यावरचा चांगला उपाय आहेत. तांबेरा या बुरशीच्या रोगाला टक्कर देण्यात खपलीची ख्याती मोठी आहे. अमेरिकेत खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी गव्हाचे जे बारा वाण निवडले, त्यांत एक आपली खपली होती, याच नावाने. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. तरीही कवच काढायचं यंत्र जवळपास नसेल आणि गिऱ्हाईक आधी ठरलेलं नसेल, तर भाव ऐकून खपली पेरू नका. कवचातला माल बाजार समितीत नेऊन त्या चढ्या भावाची अपेक्षा धरता येत नाही.

स्वयंपाकघरात दोघांची कामं बऱ्यापैकी वाटलेली आहेत. रवा, शेवया, कुरडया यांना बन्सी. त्याचा पिवळेपणा आणि कडकपणा शेवईला उपयोगी पडतो, शिजवताना ती गिचका होत नाही. गव्हाची खीर आणि पुरणपोळी यांना खपली. रोजच्या मऊ, फुगणाऱ्या पोळीसाठी मी दोन्हींपेक्षा लोकवन किंवा सरबतीच घेईन.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी, कारण खपलीच्या पिठाच्या जाहिरातींत ती नेमकी गाळली जाते. खपलीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, असतं, बन्सीतही असतं. घरात कुणाला सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसणारा आजार असेल तर त्या व्यक्तीला यांतला कुठलाच गहू चालणार नाही. तिच्या ताटात ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची भाकरीच हवी, आणि तेही पीठ गव्हाच्या जात्यावर न दळलेलं.