ट्रायझोल, इमिडाझोल, पिपरॅझिन: ऑर्डर देण्यापूर्वी वाचावे असे काही

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून आम्ही औषध कंपन्यांच्या संशोधन विभागांना आणि फार्मसी कॉलेजांना नायट्रोजनयुक्त वलयी संयुगे पुरवतो, म्हणजे ज्यांच्या रेणूत अणूंचे कडे असते आणि त्या कड्यात नायट्रोजन असतो अशी. ही वलये औषधांत इतकी का दिसतात, असे एम. फार्म.चे विद्यार्थी विचारतात, तसेच खरेदी विभागातली मंडळीही विचारतात. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लहान रेणूंच्या औषधांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ५९ टक्के औषधांत असे निदान एक वलय होते. पिपरिडीन सर्वांत जास्त वेळा, मग पिरिडीन आणि पिपरॅझिन.

वलयातला नायट्रोजन प्रथिनाशी हायड्रोजन बंध जुळवतो, धातूला धरतो आणि आम्लात प्रोटॉन घेऊन क्षार बनवतो, म्हणजे गोळी पाण्यात विरघळायला मदत होते. पण प्रत्येक वलयातला नायट्रोजन सारखा नसतो. पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन घेतलेले असतात तो आकडा) पाहा: पिरिडीन सुमारे ५.२, इमिडाझोल ७, पिपरिडीन ११. रक्ताच्या ७.४ पीएचला पिपरिडीन जवळजवळ सगळे भारित असते, पिरिडीन जवळजवळ अजिबात नाही. एका वलयाच्या जागी दुसरे घातले की औषध शरीरात कुठवर पोहोचते तेही बदलते.

ट्रायझोलची ओळख नाशिककरांना वेगळी सांगायला नको. द्राक्षबागेत भुरीवर फवारतात त्या हेक्झाकोनॅझोल आणि डायफेनोकोनॅझोलमध्ये जे १,२,४-ट्रायझोल आहे, तेच माणसाच्या बुरशीजन्य आजारावरच्या फ्लुकोनॅझोलच्या गोळीत आहे. बुरशीला पेशीच्या आवरणासाठी अर्गोस्टेरॉल लागते. ते तयार करणाऱ्या एका विकरात (एन्झाइममध्ये) हीम या लोहयुक्त घटकाचे लोह असते. ट्रायझोलचा नायट्रोजन त्या लोहावर बसतो आणि काम अडते. आपल्या यकृतातही हीम असलेली याच कुळातली विकरे आहेत. इमिडाझोल असलेले आधीचे किटोकोनॅझोल त्यांना बरेच अडवायचे. फ्लुकोनॅझोलचा हा त्रास कमी, आणि त्याचा सुमारे ८० टक्के भाग न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. शेतातल्या ॲझोल (ट्रायझोल-इमिडाझोल गटाच्या बुरशीनाशकांच्या) फवारणीचा संबंध माणसाला आजारी पाडणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीतल्या प्रतिकाराशी जोडला गेला आहे. त्यामुळे बागेत शिफारशीपेक्षा जास्त मात्रा वापरणे आम्हाला गंभीर वाटते.

आता मालाबद्दल. ट्रायझोलचे अल्किलीकरण करताना, म्हणजे त्याला कार्बनची साखळी जोडताना, जोड बहुतांशी एन-१ वर (वलयातल्या पहिल्या क्रमांकाच्या नायट्रोजनवर) होते, पण थोडी एन-४ वरही होते. एन-४ वर जोडलेल्या रेणूत लोहाला धरणारा नायट्रोजनच अडकून बसतो. दोन्ही समघटकांचे (तेच अणू, पण वेगळी जोडणी असलेल्या रेणूंचे) रेणुभार एकच, त्यामुळे नुसत्या मास स्पेक्ट्रमवर विसंबू नका. ट्रायझोल जोडलेले इंटरमीजिएट आमच्याकडून घ्या किंवा दुसऱ्या कोणाकडून, सीओएवर (मालाच्या तपासणीच्या प्रमाणपत्रावर) एन-४ समघटकाचे प्रमाण वेगळे मागा. ‘शुद्धता ९९ टक्के’ एवढ्याने भागत नाही. उरलेला एक टक्का काय आहे ते कळले पाहिजे.

पिपरॅझिन घेणाऱ्यांनी आपल्या प्रक्रियेत सोडियम नायट्राइट किंवा पुन्हा वापरलेले डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक) आहे का, ते आधी कळवावे. पिपरॅझिन हे दुय्यम अमाइन आहे, आणि दुय्यम अमाइन व नायट्राइट आम्लात भेटले की नायट्रोसामाइन तयार होते; या गटातली बरीच संयुगे कर्करोगकारक मानली जातात. २०२० मध्ये रिफॅम्पिसिनमध्ये पिपरॅझिनचेच असे एक संयुग सापडले. क्षयरोगावरचे औषध होते, म्हणून ते एकदम थांबवताही येईना.

कॉलेजांना एक विनंती. आगरच्या ताटलीत नव्या संयुगाभोवती बुरशीची वाढ थांबलेले वर्तुळ दिसले की प्रबंधात ‘संभाव्य औषध’ लिहिले जाते. शेजारी फ्लुकोनॅझोल ठेवून एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढा, आणि मानवी पेशींवरची विषारकता तपासा. त्यानंतर तो शब्द शोभेल.

आमचा कोणताही माल औषध नाही. पोटात घेण्यासाठी किंवा पिकावर मारण्यासाठी तो देत नाही. पिपरॅझिनच्या धुळीने दम्यासारखा त्रास होऊ शकतो, ते फ्यूम हूडमध्येच उघडावे. इमिडाझोल गर्भाला घातक ठरू शकते, गर्भवतींनी हाताळू नये. ते हवेतली ओल ओढते, म्हणून पावसाळ्यात डबा उघडा ठेवू नका. ऑर्डरसोबत वलय, जोडाची जागा आणि पुढची पायरी लिहून पाठवा, म्हणजे योग्य ग्रेड पहिल्याच खेपेला देता येईल.