स्पिट्सबर्गेन : समन्वेषण व खाणकाम

नॉर्वेच्या उत्तरेस आर्क्टिक महासागरात ७४° ते ८१° उ. अक्षांशांदरम्यान पसरलेल्या स्वालबार द्वीपसमूहातील सर्वांत मोठे बेट. द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौ. किमी. असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग हिमाच्छादित आहे. येथे मूळ रहिवासी नव्हते व १९२५ पर्यंत कोणत्याही राष्ट्राची सर्वमान्य सत्ताही नव्हती. त्यामुळे हा प्रदेश प्रथम कोणी पाहिला आणि येथील कोळसा प्रथम कोणी काढला, हे दोन्ही प्रश्न मालकीच्या दाव्याशी जोडले गेले आणि या विषयावरील बरेचसे लेखनही त्या दाव्यांच्या छायेत झाले.

विलेम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीने जून १५९६ मध्ये हे बेट पाहिले, याला लेखी आधार आहे व बहुतेक अभ्यासक तेथूनच इतिहासाचा आरंभ मानतात. त्याआधीच्या शोधाविषयी दोन मते आहेत. आइसलँडिक बखरींत ११९४ या वर्षाखाली स्वालबार सापडल्याची त्रोटक नोंद आहे, आणि आइसलँडच्या लांगानेस भूशिरापासून तेथे जाण्यास चार दिवस लागतात, असे मध्ययुगीन ग्रंथांत म्हटले आहे. नॉर्वेत या नोंदीला मोठे महत्त्व मिळाले व द्वीपसमूहाचे अधिकृत नावही त्यावरूनच घेण्यात आले. तथापि ती नोंद ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याविषयी किंवा यान मायेन बेटाविषयीही असू शकते आणि तिला पुष्टी देणारा त्या काळातील कोणताही पुरातत्त्वीय अवशेष स्पिट्सबर्गेनवर मिळालेला नाही.

दुसरे मत श्वेत समुद्राच्या किनाऱ्यावरील पोमोर या रशियन शिकाऱ्यांना मान देते. डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या १५७६ मधील एका पत्रात दरवर्षी ‘ग्रीनलंड’ला जाणाऱ्या एका रशियन नाविकाचा उल्लेख आहे, परंतु त्या काळी स्पिट्सबर्गेन हा ग्रीनलंडचाच भाग समजला जात असल्याने उल्लेखाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. सोव्हिएट पुरातत्त्वज्ञांनी पोमोर झोपड्यांतील लाकडाच्या वार्षिक वलयांवरून काही वास्तू सोळाव्या शतकाच्या मध्यातील ठरविल्या. यावरील आक्षेप महत्त्वाचा आहे. या वृक्षहीन बेटावर बांधकामासाठी सायबेरियातील नद्यांतून वाहत आलेले ओंडके व जुन्या जहाजांच्या फळ्या वापरल्या जात. वलयांवरून झाड कधी तुटले ते कळते, झोपडी कधी उभारली ते कळत नाही. पोमोरांची वस्ती निश्चितपणे अठराव्या शतकाच्या आरंभापासून दिसते, हे नॉर्वेजियन संशोधकांचे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

कोळशाचा सर्वांत जुना उल्लेख जोनस पूल या इंग्रज कप्तानाच्या १६१० च्या सफरीतील आहे. त्यानंतरची दोन शतके मात्र देवमाशांच्या व वॉलरसच्या शिकारीची होती. आम्स्टर्डम बेटावरील स्मेरेनबर्ग हे डचांचे चरबी कढविण्याचे ठाणे त्या काळातील होय. भूवैज्ञानिक पाहणी बाल्थाझार काइलहाऊ (१८२७) याच्यापासून सुरू झाली, आणि ओट्टो टोरेल व आडोल्फ एरिक नूर्डेनशील्ड यांच्या स्वीडिश मोहिमांनी तिला शास्त्रीय पाया दिला. येथील मुख्य कोळसा पॅलिओजीन (सुमारे ६.६ ते २.३ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील आहे. याच बेटावरील पिरामिडेन या खाणवस्तीतील थर त्याहून पुष्कळ जुने, कार्बॉनिफेरस (सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील आहेत, तर दक्षिणेकडील बेअर बेटावर त्याहूनही आधीच्या डेव्होनियन काळातील कोळसाही आढळतो.

नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील सरेन झाकारियासेन या कप्तानाने १८९९ मध्ये स्पिट्सबर्गेनवरील इसफ्योर्ड या खाडीतून विक्रीसाठी कोळसा नेला व दाव्यांची झुंबड उडाली. कायदा नसल्याने खांबावर कंपनीचे नाव व सीमा लिहिलेली पाटी ठोकणे हाच मालकीचा पुरावा समजला जाई. प्रतिस्पर्ध्याची पाटी उखडण्याचे प्रकारही घडत. नॉर्दर्न एक्सप्लोरेशन या ब्रिटिश कंपनीने अर्नेस्ट मॅन्सफील्ड या खनिजशोधकाच्या भरवशावर काँग्सफ्योर्ड या खाडीत संगमरवराची खाण उघडली. पण दीर्घकाळच्या गोठण्या-वितळण्याने भेगाळलेला तो दगड उपयोगी ठरला नाही आणि यंत्रे तेथेच टाकून द्यावी लागली.

अमेरिकन उद्योजक जॉन मनरो लाँगइयर याने १९०६ मध्ये स्थापन केलेली आर्क्टिक कोल कंपनी अधिक टिकली. तिची मालमत्ता १९१६ मध्ये स्तूरे नॉर्स्के या नॉर्वेजियन कंपनीने घेतली व लाँगइयरबियन ही खाणवस्ती वाढत गेली. येथील थर जवळजवळ आडवे व डोंगराच्या मध्यावर असल्याने कड्यातून थेट आत बोगदा नेत. कोळसा हवाई रज्जुमार्गाच्या पाळण्यांतून धक्क्यावर येई, तेथे हिवाळाभर साठविला जाई आणि समुद्र मोकळा झाल्यावर जहाजांत भरला जाई. रज्जुमार्गाचे लाकडी मनोरे आजही उभे असून १९४६ पूर्वीचे अवशेष म्हणून त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. काही थर मीटरभरही जाड नसल्याने कामगारांना आडवे पडून काम करावे लागे. कायम गोठलेल्या जमिनीमुळे खाणीत पाणी झिरपत नाही. परंतु त्या कोरडेपणातच कोळशाची धूळ हवेत तरंगत राहून स्फोटाचा धोका वाढतो. ३ जानेवारी १९२० रोजी लाँगइयरबियनमधील स्फोटात २६ कामगार दगावले. न्यू-ऑलेसुन या दुसऱ्या खाणवस्तीत ५ नोव्हेंबर १९६२ रोजी झालेल्या स्फोटात २१ जणांचा बळी गेला. त्या खाणी कायमच्या बंद झाल्या आणि पुढील वर्षी याच प्रकरणावरून नॉर्वेचे आयनार गेर्हार्डसेन मंत्रिमंडळ कोसळले. तेथे आता अनेक राष्ट्रांची संशोधन केंद्रे आहेत. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत चालविले जाणारे ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र २००८ मध्ये तेथे सुरू झाले.

पॅरिस येथे ९ फेब्रुवारी १९२० रोजी झालेल्या तहाने नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले. त्याचबरोबर सर्व सदस्य राष्ट्रांच्या नागरिकांना खाणकामाचा समान हक्क मिळाला. ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने भारतासाठीही त्यावर स्वाक्षरी झालेली आहे. तह १४ ऑगस्ट १९२५ रोजी अंमलात आला. सोव्हिएट संघाच्या आर्क्टिकउगोल या संस्थेने १९३२ मध्ये बॅरेंट्सबुर्ग ही खाणवस्ती डचांकडून विकत घेतली, तर पिरामिडेन येथील काम १९९८ मध्ये थांबविले.

दुसऱ्या महायुद्धात वस्त्या रिकाम्या करण्यात आल्या व १९४३ मध्ये जर्मन युद्धनौकांनी त्या जाळल्या. युद्धोत्तर काळातील सर्वाधिक उत्पादन स्वेआ येथील खाणीतून झाले; २००७ मध्ये ते सुमारे ४० लाख टन होते. दर घसरल्यावर ती बंद करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. लाँगइयरबियनचे वीजकेंद्र ऑक्टोबर २०२३ मध्ये कोळशावरून डिझेलवर गेले आणि स्तूरे नॉर्स्केची शेवटची खाण, क्रमांक ७, जून २०२५ च्या अखेरीस थांबली. त्यानंतर द्वीपसमूहावर कोळसा काढण्याचे काम केवळ बॅरेंट्सबुर्ग येथे अल्प प्रमाणात चालू राहिले.