फसलेली लढत आणि चुकलेला निकाल

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. ठाण्यात वर्तकनगरला मेहुण्याच्या घरी आम्ही सकाळी साडेसहापासून टीव्हीसमोर बसलो होतो. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला बॉक्सिंगची लढत होती, जुना जगज्जेता माइक टायसन विरुद्ध यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल. चित्र मधूनमधून अडकत होतं, पोहे गार झाले होते, आणि लढत संपताच खोलीतून एकच शब्द निघाला, "फिक्स!" संध्याकाळी तलावपाळीवर तोच शब्द, सोमवारी लोकलमध्ये तोच. प्रत्येक मोठ्या लढतीनंतर हा शब्द ऐकून माझे कान किटले आहेत, कारण त्यात दोन वेगळ्या तक्रारी कालवलेल्या असतात. लढत रटाळ झाली ही एक. जिंकणाऱ्याला हरवलं ही दुसरी.

पहिली तुम्हाला कळतेच. टायसन ५८ वर्षांचा, पॉल २७ चा. दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, हातात १४ औंसांचे ग्लोव्ज. एवढ्या वेळात टायसनचे ठोसे बसले १८. तिन्ही जजची कार्डं, म्हणजे गुणपत्रकं, ८०-७२, ७९-७३, ७९-७३. म्हणजे एका जजने सगळ्या फेऱ्या पॉलला दिल्या आणि उरलेल्या दोघांनी टायसनला एकेक. यात चुकलं काय? काही नाही. २०१५ मध्ये फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ या बॉक्सरांच्या लढतीचंही हेच झालं. लोक चिडले, पण जिंकला तो मेवेदरच. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणावं.

खरा घोळ त्याच सकाळी आधीच्या लढतीत झाला. केटी टेलर विरुद्ध अमांडा सेरानो. त्या दिवसातली सर्वांत देखणी लढत ती होती. फक्त टायसनसाठी उशिरा उठलेल्यांनी ती घालवली, याची मला अजून हळहळ वाटते. सेरानोच्या डोळ्यावर खोक पडली होती, रक्त वाहत होतं, तरी ती पुढेच येत होती. दहा फेऱ्या संपल्या आणि तिन्ही जजनी ९५-९४ ने टेलरला जिंकवलं. भाच्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, हे बघा. सेरानोचे ३२४ ठोसे बसलेत, टेलरचे २१७. शंभरावर ठोसे जास्त, आणि हरली?"

इथेच बहुतेक सगळे अडखळतात. बॉक्सिंगमध्ये पूर्ण लढतीचे ठोसे कोणी मोजून निकाल देत नाही. प्रत्येक फेरी स्वतंत्र. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. कोणी खाली पडलं तर साधारण १०-८. फेरी संपली की त्या फेरीचा हिशेब मिटला, पुढची फेरी कोऱ्या पाटीवर. एखादीने चाळीस ठोसे बसवून दहाच खाल्ले तरी सहसा १०-९, आणि दुसरीने बारा बसवून अकरा खाल्ले तरी १०-९. मोठ्या फरकाने जिंकलेल्या फेरीतलं उरलेलं पुढच्या फेरीत नेता येत नाही.

तेव्हा विधानसभेचा प्रचार ऐन भरात होता, खालून भोंग्याची रिक्षा चालली होती. मी भाच्याला म्हटलं, लाख मतांनी निवडून आलेला आमदार एकच मोजतात ना? आणि दोनशे मतांनी आलेला? तोही एकच. राज्यभरातली मतं एकत्र केली तर पक्ष पुढे दिसेल, पण सरकार जागांवर बनतं. फेऱ्या म्हणजे जागा.

मग वही काढून त्याच्याकडून गणित करून घेतलं. टेलरला सहा फेऱ्या दिल्या तर साठ, हरलेल्या चार फेऱ्यांचे छत्तीस, एकूण ९६. आठव्या फेरीत डोकं लागल्याबद्दल रेफरीने तिचा एक गुण कापला होता. राहिले ९५. सेरानोचे चार फेऱ्यांचे चाळीस आणि सहा फेऱ्यांचे चोपन्न, म्हणजे ९४. बरोब्बर जुळलं. आता फेऱ्या पाच-पाच द्या. दोघींचे पंच्याण्णव, टेलरचा एक कापून ९४, सेरानो विजयी. माझ्या वहीत तसंच होतं, माझ्या मते सेरानो जिंकली. पण म्हणजे माझं आणि जजचं भांडण एका फेरीचं. एका फेरीच्या मतभेदाला चोरी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणखी एक. ते ठोशांचे आकडे जजसमोर नसतातच. माणसं बसून बटणं दाबत मोजतात, ते प्रेक्षकांसाठी. हातावर अडलेला ठोसा आणि जबड्यावर स्वच्छ बसलेला ठोसा यांतला फरक जजनेच पाहायचा असतो, बचावही पाहायचा असतो. निकाल लागल्याबरोबर आकड्यांचा फोटो ग्रुपवर टाकून "बघा पुरावा" म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, थांबा जरा. (एकमताचा निकाल म्हणजे एकतर्फी लढत, हाही गैरसमज. वरचा निकाल एकमताचाच होता, फरक एका गुणाचा.)

ऑलिंपिकमध्ये जज पाच आणि फेऱ्या तीन, तिथे याच घोळाने आपल्याला रडवलं. टोकियोत मेरी कोमने दुसरी आणि तिसरी फेरी ३-२ ने घेतली, पहिली इन्ग्रित व्हालेन्सियाने ४-१ ने. तीनपैकी दोन फेऱ्या आपल्या, मग हरलो कसे? प्रत्येक जजच्या तीन फेऱ्यांची बेरीज वेगळी होते. पहिली फेरी चौघांनी तिकडे दिली, त्या चौघांपैकी प्रत्येकाकडून मेरीला पुढच्या दोन्ही फेऱ्या हव्या होत्या. तसं एकाच जजने दिलं. निकाल ३-२, तिकडे. मलाही त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण बेरीज चुकलेली नव्हती.

मग चुकलेला निकाल नसतोच का? असतो, आणि तो ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो. कोणती फेरी? फेरीचा नंबर सांगता आला तर बोलू. १९९९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलिफिल्ड यांची लढत बरोबरीत सुटली. एका जजने ११५-११३ होलिफिल्डला दिले होते. तिथे बोट ठेवायला जागा आहे.

भाच्याला ती लढत आवाज बंद करून बघायला लावली. समालोचक बोलत राहिले की आपला हात त्यांच्या मागे जातो, म्हणून मी नेहमी आवाज बंदच ठेवतो. वहीत दोन रकाने पाडून तो प्रत्येक घंटेला लगेच आकडा लिहीत गेला. शेवटी त्या जजचं कार्ड शेजारी ठेवलं. त्याने पेन्सिल एका ओळीवर आपटली. लुईसने होलिफिल्डला दोरांवर रेटून बडवलेली फेरी, आणि त्या कार्डावर ती होलिफिल्डच्या नावावर.

"पाचवी, मामा," तो म्हणाला.