एकशे अठरा वर्षांची दुसरी पायरी

१९७३ हे साल फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षांना मानवलं नाही. त्या वर्षीची वाइन पातळ निघाली, फार काळ ठेवण्यासारखी नव्हती, असं जाणकार आजही म्हणतात. तरीही तिथल्या शातो मूटों रोशिल्ड या मळ्याची १९७३ची बाटली हौशी लोक जपून ठेवतात, ती आतल्या वाइनसाठी नव्हे, बाहेर चिकटवलेल्या कागदासाठी. त्यावर पिकासोचं चित्र आहे आणि एक वाक्य आहे: पहिलं मी आहे, दुसरं होतो, मूटों बदलत नाही. या वाक्यामागे ११८ वर्षांचा रुसवा आहे.

नावाबद्दल आधीच सांगून टाकतो. फ्रेंच उच्चारातला 'त' जसाच्या तसा मराठीत लिहिला तर या उंची वाइनचं भलतंच काहीतरी होतं, म्हणून इथे 'मूटों'. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ मेंढरू. जमिनीचं नाव मात्र बहुधा टेकाडाला असलेल्या जुन्या शब्दावरून पडलं असावं. मेंढ्याचं चिन्ह मालकांना आवडलं आणि तेच पुढे चाललं.

मळा आहे बोर्दोच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर, पोयाक गावाजवळ. आज सुमारे ८४ हेक्टर, म्हणजे दोनशे एकरांच्या वर. जमीन शेतकऱ्याने नाक मुरडावं अशी: वर गोटे नि खडी, पाणी ठरत नाही. पण काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला नेमकं हेच हवं. मुळं खोल जातात, दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात आणि उशिरा पिकणारं हे द्राक्ष शरद ऋतूपर्यंत तग धरतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बॅरन एक्तोर द ब्रान मालक होता. या भागात, म्हणजे मेदोकमध्ये, काबर्ने रुजवण्याचं बरंचसं श्रेय त्याला देतात. १८३०मध्ये त्याने हा मळा विकला. पुढे ११ मे १८५३ रोजी लिलावात ११ लाख २५ हजार फ्रँकची बोली लावून नॅथॅनियल द रोशिल्डने तो घेतला. हा युरोपातल्या बड्या बँकर घराण्यातला, लंडनच्या नेथनचा मुलगा आणि पॅरिसच्या जेम्सचा जावई. जेम्स त्याचा सख्खा काकाही होता. या घराण्यात लग्नं घरातल्या घरातच होत.

दोन वर्षं गेली नाहीत तोच तो यादीचा प्रकार घडला. १८५५मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरायचं होतं. तिसऱ्या नेपोलियनचा दरबार, देशोदेशीचे पाहुणे, त्यांना फ्रान्सचा उत्तम माल दाखवायचा. बोर्दोच्या चेंबर ऑफ कॉमर्सने शहरातल्या वाइन-दलालांकडे यादी मागितली. दलालांनी नवं काहीच केलं नाही: कोणाचा माल वर्षानुवर्षं काय भावाने जातो याच्या त्यांच्या वह्या होत्या, त्यावरून १८ एप्रिलला पाच पायऱ्यांची यादी लिहून दिली. कोणी कुठे चाखून पाहिलं नाही, कोणी मळे फिरलं नाही. तांबड्या वाइनच्या पहिल्या पायरीवर लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों असे चौघे. मूटों दुसऱ्या पायरीवर, तिथल्या रांगेत अगदी पुढे.

म्हणजे वर्गात पहिला, पण 'ब' तुकडीत.

मूटोंचा भाव त्या वेळी पहिल्या पायरीच्या जवळ पोचला होता, असं मूटोंची बाजू घेणारे सांगत आले आहेत. पण माझ्या मते दलालांनी खोटेपणा केला नाही. त्यांनी जुने भाव पाहिले आणि मूटोंचा जुना भाव कमी होता. घोटाळा नंतर झाला. एका प्रदर्शनापुरता लिहिलेला कागद शिलालेख होऊन बसला. मळे विकले गेले, वाटण्या झाल्या, कोणी सुधारलं, कोणी ढेपाळलं, पायऱ्या तशाच. त्यात १८६८मध्ये शेजारचाच लाफितचा मळा सासऱ्याने, म्हणजे जेम्सने, विकत घेतला. बांधाला बांध, आडनाव एकच, पाटी वेगळी. भाऊबंदकीला याहून काय लागतं?

मूटोंने तेव्हा आपलं बोधवाक्य केलं: पहिलं होणं हाती नाही, दुसरं होणं पसंत नाही, मी मूटों आहे. हे त्यांनी रोआँ या जुन्या सरदार घराण्याच्या वाक्यावरून उचललं होतं. त्या घराण्याचं म्हणणं, राजा होता येत नाही, राजपुत्र होण्यात कमीपणा वाटतो, आम्ही रोआँ आहोत.

पुढची साठेक वर्षं घराण्याने मळ्याकडे फारसं पाहिलं नाही. १९२२मध्ये नॅथॅनियलच्या पणतूकडे, वीस वर्षांच्या फिलिपकडे, कारभार आला. वडील डॉक्टर आणि नाटककार, त्यांना मातीत रस नव्हता. मुलगा शौकीन: मोटारींच्या शर्यतीत उतरणारा, नाटकवेडा, पुढे इंग्रजी कवितांची फ्रेंच भाषांतरं करणारा. असा पोरगा मळा विकून खाईल असंच कोणालाही वाटलं असतं.

त्याने पहिला हात घातला तो व्यापाऱ्यांच्या धंद्याला. तोवर मळेवाला वाइन करी आणि २२५ लिटरच्या पिंपांत भरून बोर्दोच्या व्यापाऱ्यांना देई. पुढे ती मुरवणं, बाटलीत भरणं, लेबल लावणं सगळं व्यापाऱ्याच्या गोदामात. तिथे पिंपात काय मिसळलं जाई हे देवाला माहीत. एकोणिसाव्या शतकात बोर्दोच्या वाइनला ताकद यावी म्हणून ऱ्होन नदीकाठची दणकट वाइन ओतण्याची रीतच होती. फिलिपने १९२४ची सगळी वाइन मळ्यातच बाटलीबंद करायचं ठरवलं आणि पहिल्या पायरीवरच्या शेजाऱ्यांनाही त्यासाठी गळ घातली. आता पिंपं मळ्यातच राहणार, तर जागा हवी. म्हणून १९२६मध्ये वास्तुविशारद सिक्लीसकडून शंभर मीटर लांबीचं कोठार बांधून घेतलं. ते आजही पाहुण्यांना दाखवतात.

बाटली आपली झाली, तसं लेबलही आपलं झालं. १९२४च्या लेबलावर जाँ कार्लू या पोस्टर-चित्रकाराने मेंढ्याचं डोकं आणि रोशिल्डांचे पाच बाण क्युबिस्ट ढंगात काढले. लोकांना ते रुचलं नाही आणि तो प्रयोग थांबला. १९३०चं पीक बिघडलं, तेव्हा त्या वाइनला मूटोंचं नाव न देता 'मूटों कादे' या स्वस्त नावाने विकलं. कादे म्हणजे धाकटा. फिलिप स्वतः घरातला धाकटाच होता.

मग युद्ध. रोशिल्ड ज्यू, त्यामुळे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने मळा जप्त केला. फिलिप आधी कैदेत पडला, सुटल्यावर पिरेनीज ओलांडून इंग्लंडला गेला आणि द गॉलच्या फौजेत सामील झाला. त्याची पत्नी एलिझाबेथ जन्माने कॅथलिक. तिला गेस्टापोने पकडलं आणि १९४५मध्ये राव्हेन्सब्रुक छळछावणीत तिचा अंत झाला. मुलगी फिलिपीन वाचली. फिलिप मळ्यात परतला. १९४५मध्ये द्राक्षं थोडीच आली, पण अशी आली की १९४५ची मूटों शतकातल्या थोर वाइनमध्ये गणली जाते. तिच्या लेबलावर फिलिप जुलियाँ या तरुण चित्रकाराने विजयाचा 'व्ही' काढला. तेव्हापासून दरवर्षी नवा चित्रकार, हा पायंडा पडला: कॉक्तो, ब्राक, दाली, मिरो, शगाल, वॉरहॉल. मानधन पैशांत नाही, वाइनच्या पेट्यांत.

हे सगळं चालू असताना यादीचा ध्यास सुटला नव्हता. फिलिप मंत्र्यांना भेटत राहिला, अर्ज करत राहिला, आणि वाटेत सर्वांत मोठी धोंड होती ती शेजारच्या भाऊबंदांचा विरोध. शेवटी जून १९७३मध्ये कृषिमंत्र्यांनी आदेशावर सही केली आणि मूटों पहिल्या पायरीवर गेली. मंत्री होते जाक शिराक, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. १८५५मध्ये यादी प्रसिद्ध झाल्यावर लगोलग घातलेलं कांतमेर्ल या मळ्याचं नाव सोडलं, तर तिच्यात झालेला हा एकच मोठा बदल. पिकासो त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता. म्हणून मूटोंच्या संग्रहालयातलं त्याचं मद्योत्सवाचं चित्र लेबलावर आलं.

पहिलेपणाचं सुख तीन वर्षं टिकलं. मे १९७६मध्ये पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-विक्रेत्याने बाटल्यांची नावं झाकून चाचणी घेतली. परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच. तांबड्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ची काबर्ने. दुसरी, १९७०ची मूटों.

फिलिपने यावर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९७९च्या पिकापासून कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट मोंडावीबरोबर भागीदारीत त्याने नापा व्हॅलीत वाइन करायला घेतली, तीच ओपस वन. १९८८मध्ये तो गेला. मग नटी असलेल्या फिलिपीनने २०१४पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, मळा सांभाळला. १९९३च्या लेबलावर बाल्थ्यूसने काढलेलं किशोरवयीन मुलीचं नग्न रेखाचित्र होतं. अमेरिकेत ओरड झाली, तेव्हा तिथल्या बाटल्यांवर चित्राची जागा कोरी सोडली. हौशी लोकांनी दोन्ही घेतल्या. २००९चं लेबल अनिश कपूरचं आहे. जन्म मुंबईचा.