आयजीई आणि इओसिनोफिल का वाढतात? ॲलर्जी टेस्ट करणाऱ्यांसाठी माहिती

दिवाळीची साफसफाई निघाली की बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातून शिंकत शिंकत लोक आमच्या लॅबमध्ये येतात आणि रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न, "आयजीई एवढं वाढलंय, इन्फेक्शन आहे का?" बहुतेकदा इन्फेक्शन नसतं हो. आयजीई म्हणजे ॲलर्जीत वाढणारी अँटीबॉडी आणि इओसिनोफिल म्हणजे रक्तातली एक प्रकारची पांढरी पेशी. मग काय असतं ते जरा नीट सांगतो.

गादीतल्या, सोफ्यातल्या धुळीत डोळ्याला न दिसणारे माइट्स असतात. त्यांच्या विष्ठेतलं एक एन्झाइम नाकाच्या आतल्या पेशींचे जोड सैल करतं, तशा त्या पेशी टीएसएलपी, आयएल-३३ असे धोक्याचे सिग्नल सोडतात, आणि मग डेंड्रिटिक पेशी (शरीराची पहारेकरी पेशी) माइटच्या प्रोटीनचा तुकडा उचलून लिम्फ नोडमधल्या (लसिकाग्रंथीतल्या) हेल्पर टी पेशीला, म्हणजे बाकी पेशींना हुकूम देणाऱ्या पांढऱ्या पेशीला, नेऊन दाखवते. ज्यांना ॲलर्जी होते त्यांच्यात ही टी पेशी टीएच २ प्रकारची बनते, आणि पुढचं बरंचसं तिच्याच हुकमाने चालतं. ती स्वतः कुणावर हल्ला करत नाही, फक्त इंटरल्युकिन (आयएल) नावाचे निरोप देणारे रेणू सोडते. आयएल-४ मुळे बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) आयजीई बनवायला लागतात, आयएल-५ मुळे इओसिनोफिल वाढतात, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधले दोन्ही आकडे इथून आले. आयएल-१३ मुळे शेंबूड वाढतो, दम्यात श्वासनळ्या चिडक्या होतात.

आयजीई रक्तात दोनेक दिवसच टिकतं, पण नाकाच्या अस्तरातल्या, हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशींना चिकटलं की कित्येक आठवडे. पुन्हा धूळ नाकात गेली की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं आणि शिंका सुरू. सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी फक्त या हिस्टामिनला अडवते, टी पेशीचे सिग्नल मागे चालूच, म्हणून गोळी बंद केली की त्रास परत. डॉक्टर नाकातला स्टेरॉइड स्प्रे देतात तो हे सिग्नलच कमी करायला, त्याला काही दिवस लागतात, तेव्हा प्लीज दोन दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नका. खूप गंभीर केसमध्ये आयएल-४ आणि १३ दोन्ही अडवणारं डुपिलुमॅब इंजेक्शनही असतं, अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेलं, पण ते स्पेशालिस्टनेच ठरवायचं.

टेस्टचं म्हणाल तर आयजीईच्या ब्लड टेस्टला उपाशी यायची गरज नाही, सेटिरिझिन चालू असली तरी हरकत नाही. (त्वचेवर टोचून करायची स्किन प्रिक टेस्ट वेगळी, तिच्याआधी डॉक्टरांना विचारून ही गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते.) स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर सॅम्पल देतानाच सांगा, त्यांनी इओसिनोफिल कमी दिसतात. पोटात जंत असले तरी दोन्ही आकडे वाढू शकतात, कारण जंतांशी लढणं हेसुद्धा टीएच २ चंच काम.

आणि रिपोर्टमध्ये गांडो बावळ (एक काटेरी झाड), दूध, गहू यांच्यापुढे पॉझिटिव्ह आलं म्हणजे शरीराने त्याविरुद्ध आयजीई बनवलंय एवढंच, खरा त्रास होतोच असं नाही. नुसता रिपोर्ट बघून लहान मुलांचं दूध किंवा पोळी घरच्या घरी बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, आणि काय खाल्ल्यावर किंवा कुठे गेल्यावर किती वेळात त्रास झाला ते कागदावर लिहून न्या.